गाडी मिसिंग मारतेय? आधी सिलिंडर पकडा, मग पार्ट घ्या

मे महिन्याची दुपार, नागपुरातल्या व्हरायटी चौकाचा सिग्नल, एसी चालू आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतंय. सिग्नल सुटला की गाडी आधी अडखळते, दोन झटके मारते आणि मग कुठे पुढे सरकते. मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. अशी गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक नुसत्या आवाजावरून सांगतो, "भाऊ, मिसिंग मारून राहिली." म्हणजे एखादा सिलिंडर त्याच्या पाळीला पेटत नाही. इथपर्यंत त्याचं बरोबर असतं. घोळ पुढच्या वाक्यात होतो. "प्लग, कॉइल सगळे बदलून टाकू, इंजेक्टर साफ करून घेऊ, होऊन जाते."

कधीकधी खरंच होऊनही जातं. पण चार कॉइल, चार प्लग आणि इंजेक्टर सफाईचं बिल भरल्यावर दोष नक्की कशात होता हे ना तुम्हाला कळतं, ना मेकॅनिकला. आणि दोष वायरिंगमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये असेल तर आठवड्याभरात गाडी पुन्हा तशीच. म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: कोणता सिलिंडर मिस होतोय ते आधी शोधा, मग तिथला एकेक पार्ट दुसऱ्या सिलिंडरवर नेऊन दोष त्याच्याबरोबर सरकतो का ते पाहा, आणि खरेदीला त्यानंतर निघा. यातलं बरंचसं काम घरच्या घरी, साध्या हत्यारांनी होतं. जे होत नाही ते निदान नीट समजून गॅरेजला सांगता येतं.

सिलिंडर पेटायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: योग्य प्रमाणात हवा, योग्य प्रमाणात पेट्रोल (ते इंजेक्टर फवारतो), जोरदार ठिणगी (ती कॉइल आणि प्लग देतात) आणि पुरेसा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. शिवाय हे सगळं वेळेवर. साधारण ८०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हा, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातले थोडे जरी हुकले तरी क्रँकशाफ्टची गती त्या क्षणी किंचित पडते. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, क्रँक सेन्सरवरून हीच पडझड मोजतो आणि कोणाची पाळी हुकली ते ओळखतो. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत एक बंद पडला तर तिसरा हिस्सा ताकद गेली, त्यामुळे तिथे थरथर जास्त जाणवते.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

हा प्रश्न सगळ्यात आधी. दिवा स्थिर असेल तर दोष नोंदला गेलाय, सावकाश घरी किंवा गॅरेजला जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. आतली जाळीदार सिरॅमिक वीट त्या उष्णतेने वितळू शकते. प्लगचा खर्च शेकड्यांत असतो, कन्व्हर्टरचा हजारांत, तोही बऱ्याच हजारांत. तेव्हा दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडा, एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या. अशा अवस्थेत शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढू नका. तिथे १२०च्या मर्यादेत धावणाऱ्या गाड्यांमध्ये ताकद नसलेली गाडी घेऊन जाणं हा वेगळाच धोका आहे.

अगदीच थोडं अंतर जायचं असेल आणि मिस होणारा सिलिंडर माहीत असेल, तर इंजिन बंद करून त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढून ठेवा. त्या सिलिंडरला पेट्रोलच मिळत नाही, त्यामुळे कन्व्हर्टर बराच वाचतो. हा उपाय जवळच्या गॅरेजपर्यंतचा आहे, अमरावतीपर्यंतचा नाही.

कधी मारते ते लिहून काढा

स्कॅनर लावण्याआधी पाच मिनिटं बसून आठवा. मिसिंग नेमकी कधी येते यावरून निम्मी दिशा मिळते.

सकाळी थंड इंजिनवर काही सेकंद धडधड, नंतर सगळं सुरळीत, आणि कूलंटची पातळी हळूहळू कमी होतेय? हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) रात्रभर थोडं कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता. थंडीत ठीक चालते, पण भर उन्हात तासभर चालवून पाच मिनिटं थांबवली आणि पुन्हा सुरू केली की मारते? कॉइलवर संशय घ्या. कॉइलच्या आतलं वेटोळं तापल्यावर तुटक काम करतं. नागपुरात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा बोनेटखाली काय होत असेल, याचा विचार करा. आयडलला थरथरते पण हायवेला बरी? हवेची गळती किंवा मळलेली थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. उलट, आयडल छान पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके? झिजलेला प्लग, कमजोर कॉइल किंवा कमी पडणारा फ्यूल पंप. दाब जितका जास्त तितकी ठिणगी उडवायला कठीण, म्हणून कमजोर इग्निशन लोडखाली उघडं पडतं.

आणि एक प्रश्न मेकॅनिक सहसा विचारत नाहीत: गाडी नुकतीच धुतली होती का? प्रेशर गनने इंजिन धुऊन आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मिसिंग सुरू झालेल्या गाड्या पावसाळ्यापेक्षा जास्त दिसतात, असं माझं मत आहे.

स्कॅनर लावा

२०१३ नंतरच्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडी-२चा, म्हणजे स्कॅनर जोडायचा, सॉकेट असतो. ब्लूटूथवर चालणारा ईएलएम३२७ जातीचा छोटा अडॅप्टर आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप, एवढ्यावर काम भागतं. इग्निशन ऑन करा, जोडा, कोड वाचा. कोड पुसायची घाई मात्र करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या आणि 'फ्रीझ फ्रेम' पाहा. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान, लोड किती होतं, ते तिथे लिहिलेलं असतं. कोड पुसला की हेही जातं.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसिंग, पी०३०२ दुसऱ्याची, असं पुढे. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, फिरती आहे. सगळ्या सिलिंडरना मिळून लागणाऱ्या गोष्टी तेव्हा तपासायच्या: पेट्रोलचा दाब, हवेची गळती, खराब पेट्रोल, टाइमिंग चेन. पी०३५१ ते पी०३५४ हे कॉइलच्या सर्किटचे आणि पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरच्या सर्किटचे कोड. हे दिसले तर पार्टइतकाच त्याच्याकडे जाणाऱ्या वायरवर संशय घ्या.

जोडीचे कोड विशेष बोलके असतात. जुन्या चार सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांत एकाच कॉइलवर दोन सिलिंडर चालतात, १ आणि ४ एका जोडीत, २ आणि ३ दुसऱ्या. १ आणि ४चे कोड एकत्र आले तर कॉइल पॅक पाहा. शेजारशेजारचे २ आणि ३ एकत्र मिस होत असतील आणि प्रत्येकाला स्वतंत्र कॉइल असेल, तर दोघांच्या मधली हेड गॅस्केट फुटली असण्याची शक्यता आधी पडताळा. एक नंबरचा सिलिंडर बहुतेक गाड्यांत बेल्ट-पुलीच्या बाजूला असतो. तरी मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या. चुकीच्या टोकाकडून मोजल्यामुळे चांगला पार्ट फेकला जातो.

आता ॲपमध्ये फ्यूल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे पाहा, शॉर्ट आणि लाँग दोन्ही. उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत असतील तर सहसा चिंता नाही. बेरीज १०च्या वर गेली तर ईसीयू जास्तीचं पेट्रोल ओततोय, म्हणजे त्याला मिश्रण पातळ वाटतंय. आयडलला आकडा मोठा आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर हवेची गळती. उलट वेग आणि लोड वाढेल तसा आकडा चढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. एक सावधगिरी: सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, आणि नुसत्या कॉइलच्या दोषानेही ट्रिम वर चढू शकते. म्हणून एकट्या ट्रिमवरून निकाल देऊ नका.

अदलाबदल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची चाचणी

समजा कोड पी०३०३ आहे. इंजिन थंड होऊ द्या, इग्निशन बंद करा. ३ नंबरची कॉइल काढून १ नंबरवर लावा, १ची ३वर. कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी०३०३ कायम राहिला तर कॉइल निर्दोष. आता ३चा प्लग २वर न्या. मुद्दाम वेगळ्या सिलिंडरवर, म्हणजे कोणता पार्ट कुठे गेला यात गोंधळ होत नाही. मास्किंग टेपचा तुकडा लावून प्रत्येकावर मूळ नंबर लिहा. प्लगनेही कोड सरकला नाही तर मग इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन उरले.

एका वेळी एकच बदल करा. दोन पार्ट एकत्र हलवले आणि दोष सरकला, तर दोघांतला चोर कोण हे पुन्हा शोधावं लागतं.

कॉइलला मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स मोजण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. हल्लीच्या तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे तो आकडा काही सांगत नाही. शिवाय तापल्यावर बिघडणारी कॉइल थंड असताना झकास मोजमाप देते. मल्टिमीटरपेक्षा अदलाबदल बरी. मल्टिमीटर वापरा तो कॉइलच्या सॉकेटवर १२ व्होल्ट येतात का आणि अर्थिंग पक्कं आहे का ते पाहायला.

चालू इंजिनवर कॉइल किंवा प्लगची वायर उपसून "कोणावर आवाज बदलत नाही" हे पाहायची जुनी रीत सोडून द्या. हजारो व्होल्टचा झटका हाताला बसतो, आणि नाही बसला तर ईसीयूच्या सर्किटला बसू शकतो. तीच चाचणी इंजेक्टरचे सॉकेट एकेक काढून करता येते: ज्याचा सॉकेट काढल्यावर इंजिनच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बंद आहे.

मानेवाड्याकडच्या एका काकांच्या चार सिलिंडरच्या हॅचबॅकचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. वॉशिंग सेंटरवरून आणल्यापासून मिसिंग, कोड पी०३०३. एका गॅरेजने चारही कॉइल आणि इंजेक्टर सफाईचा अंदाज दिला होता. ३ची कॉइल उपसली तर रबराचं बूट ओलं, आतली स्प्रिंग तांबारलेली आणि प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खळग्यात, पाणी. कंप्रेसरने विहीर कोरडी केली, कॉइल १वर नेली, रिंग रोडवर एक फेरी मारली. कोड पुन्हा पी०३०३च. कॉइल सुटली. प्लग २वर नेला, तर पी०३०२. तो प्लग उजेडात फिरवून पाहिला तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. ओलाव्यातून ठिणगी टोकाला न जाता बाहेरून घसरून हेडकडे पळत होती, आणि तिने स्वतःची वाट जाळून ठेवली होती. अशी रेघ पडली की पुसून काही होत नाही. बूटच्या आतही तीच जळकी वाट असते, ते जुनंच ठेवलं तर नवा प्लगही त्याच रेघेने जातो. काम प्लगचा सेट आणि एका बूटवर भागलं.

काढलेला प्लग वाचा

प्लग काढताना इंजिन थंडच हवं. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम प्लग काढला तर आटे खरवडून येऊ शकतात. कॉइल काढल्यावर, प्लगला पाना लावण्याआधी विहिरीत हवा मारा. आपल्याकडची धूळ तिथे थर करून बसलेली असते, आणि प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

चारही प्लग काढून नंबरांच्या क्रमाने एका कागदावर मांडा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सिलिंडर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. चकचकीत तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग त्या इंजिनला जास्त गरम प्रकृतीचा. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. तीन प्लग तपकिरी आणि एकच अगदी स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा असेल तर खूश होऊ नका, त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असावं. धातूच्या भागावर, म्हणजे आट्यांच्या वर ऑइल लागलेलं असेल तर तो प्लगचा दोष नाही, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल विहिरीत उतरतंय. पॅकिंग न बदलता नवी कॉइल लावली तर तिचंही बूट ऑइलने फुगून जाईल.

फीलर गेजने फट मोजा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ती १ मिलिमीटरच्या आसपास असते, पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. इरिडियमचं बारीक टोक वाकवून फट जुळवू नका, ते तुटतं.

नवे प्लग घ्यायला घाट रोडकडे जाणार असाल तर जुना प्लग बरोबर न्या आणि त्यावरचा पूर्ण नंबर जुळवा. नुसतं गाडीचं नाव सांगून मिळालेला प्लग आट्यांत बसेलही, पण त्याची उष्णता झेलण्याची प्रकृती वेगळी असू शकते. नामांकित प्लगची नक्कलही बाजारात सर्रास मिळते. छपाई पुसट, मधला इलेक्ट्रोड तिरपा, किंमत संशयास्पद कमी असेल तर सोडून द्या. आणि बिल घ्या.

बसवताना पहिले काही आटे पाना न लावता, नुसत्या सॉकेट आणि एक्स्टेंशनने बोटांनी फिरवा. अडकला तर मागे घ्या, जोर लावू नका. पूर्ण बसल्यावर वॉशरवाला नवा १४ मिलिमीटरचा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा कसा. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडला सुमारे २५ ते ३० न्यूटन-मीटर. १० आणि १२ मिलिमीटरच्या प्लगना याहून बरंच कमी लागतं, तिथे मॅन्युअल पाहिल्याशिवाय हात लावू नका. बूटच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या, पुढच्या वेळी कॉइल फाटल्याशिवाय निघते.

पाणी, उंदीर आणि वायरिंग

२३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी बुडालेली गाडी कधीही चावी मारून "बघू होते का चालू" करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडायची, प्लग काढायचे, आणि मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं. यातून वाचलेल्या गाड्यांना मिसिंग कधीकधी महिन्यांनी येते, कारण सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज हळूहळू चढतो. जुनी गाडी विकत घेताना कॉइल आणि इंजेक्टरचे एक-दोन सॉकेट उघडून पाहा. बोलणाऱ्यापेक्षा पिना खरं सांगतात.

उंदरांचा त्रास तर शहरभर आहे. कॉइल-इंजेक्टरच्या वायरचा जुडगा टॅपेट कव्हरच्या उबेत असतो, आणि हिवाळ्याच्या रात्री त्यांना तीच जागा आवडते. टॉर्च घेऊन जुडगा मागच्या बाजूने पाहा, हलकेच हलवा. चालू इंजिनवर जुडगा हलवला आणि चाल बदलली तर पार्ट बदलण्याआधी तिथे थांबा. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा.

हवेची गळती

उष्णतेने रबर कडक होतं, तडकतं. थ्रॉटल बॉडीच्या पुढचे सगळे पाइप बोटाने दाबून पाहा: ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) वाकडा तुकडा, मॅनिफोल्डचं पॅकिंग. तडा बहुधा वाकणाच्या खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसेल असाच असतो. चालू इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधणारे खूप आहेत. गरम मॅनिफोल्डवर ज्वालाग्राही फवारा मारायचा धोका घेऊ नका. स्प्रे बाटलीत साधं पाणी घ्या आणि पॅकिंगच्या रेषेवर थोडं थोडं मारा, कॉइल आणि सॉकेट वाचवून. फुसफुस बदलली किंवा आरपीएम हलला की जागा सापडली. तरीही सापडत नसेल तर धुराची मशीन असलेल्या गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, त्यात छिद्र आपणहून धूर सोडतं.

आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, असतो. अशा गाडीत गळती झाली की ट्रिमपेक्षा आयडल आरपीएम वर चढलेला दिसतो. तोही खुणेसारखा वाचा.

इंजेक्टर आणि पेट्रोल

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवा, पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर राहून. प्रत्येक इंजेक्टरची टिकटिक सारखी ऐकू यायला हवी. एक मुका असेल तर सॉकेट काढून त्याचा रेझिस्टन्स मोजा, बहुतेक पोर्ट इंजेक्टरचा ११ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो. रेझिस्टन्स ठीक पण टिकटिक नाही, तर वायरमधून सिग्नल येतोय का ते पाहायचं.

टिकटिक आहे पण सिलिंडर मिस होतोय, कॉइल-प्लग निर्दोष, कॉम्प्रेशनही चांगलं? आता कुठे इंजेक्टर सफाईचा नंबर लागतो. टाकीत ओतायच्या बाटलीवर फार भरवसा ठेवू नका. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करणं आणि चारही नळ्यांत पडलेलं पेट्रोल शेजारी शेजारी पाहणं, याला अर्थ आहे. नळ्या तुमच्यासमोर भरायला सांगा. रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन फिरवून दाब सोडवावा लागतो, आणि ओ-रिंग प्रत्येक वेळी नव्या. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर माहीतगार माणूस सोबत असू द्या, आणि अग्निशामक हाताशी.

आता पंपावरचं पेट्रोल बहुतांशी ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की ते मिश्रण वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पंप तिथूनच ओढतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन कित्येक आठवडे उभी राहिलेली गाडी चारही सिलिंडरवर मिसिंग मारू लागली, तर कॉइलला हात लावण्याआधी टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून पाहा.

कॉम्प्रेशन

इथपर्यंत सगळं तपासून दोष तिथेच, त्याच सिलिंडरवर बसून असेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन कोमट (प्लग काढायचे असल्याने फार गरम नको), चारही प्लग बाहेर, फ्यूल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे सॉकेट सुटे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा सेकंद स्टार्टर मारा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत आकडा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतो. आकड्याहून महत्त्वाचा असतो तो सिलिंडरांमधला फरक. सर्वांत चांगल्या सिलिंडरच्या पाऊणपटीहून खाली गेलेला सिलिंडर आजारी आहे.

त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला उचलला तर रिंग झिजल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गॅरेजमध्ये लीक-डाउन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती दाखवणारं यंत्र, असेल तर आणखी नेमकं कळतं: हवा थ्रॉटलमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनवरच उघडा.

बरीच वर्षं एलपीजी किंवा सीएनजीवर चाललेल्या गाडीत हेड उघडण्याआधी टॅपेटची फट तपासा. व्हॉल्व्हच्या सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, फट संपते, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. कधीकधी नुसत्या टॅपेट सेटिंगवर गाडी पुन्हा चारही सिलिंडरवर येते.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे प्लग-कॉइल नाहीत, मिसिंगचा संशय इंजेक्टर, फ्यूल फिल्टर आणि कॉम्प्रेशनवर. कॉमन रेलचा पाइप चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. आतला दाब हजार बारच्या पुढे जातो, त्या फवाऱ्याने कातडी फाडून डिझेल हातात घुसतं.

काम झाल्यावर

कोड पुसा आणि गाडी पूर्ण गरम होऊ द्या. सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून सावकाश ताकद मागा. पुसलेला दोष परत येणार असेल तर तो सहसा अशाच लोडखाली येतो. ॲपमध्ये मिसफायर काउंटर असतील तर प्रत्येक सिलिंडरचा आकडा पाहा, शून्याजवळ राहायला हवा. ट्रिम आपोआप खाली येतेय का तेही दोन-चार दिवस बघत राहा.

मिसिंग बरेच दिवस अंगावर काढली असेल तर न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसत असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून टाका. त्यानंतर काही आठवड्यांनी पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला, तर कन्व्हर्टरला त्या काळात इजा झाली असण्याची शक्यता आहे. मात्र नवा कन्व्हर्टर मागवण्याआधी सायलेन्सरच्या जोडात गळती नाही ना आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे ना, एवढं तपासून घ्या.